काच खाली घे

आमच्या बँडचा सगळ्यात इमानी श्रोता ठार बहिरा होता, आणि तो आमचा बाप होता. दर रविवारी भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये आम्ही सराव करायचो. आप्पा आमच्या आधी हजर. खुर्ची ओढायची, माझ्या बास गिटारच्या स्पीकरला खेटून बसायचं आणि त्याच्या लाकडावर तळहात ठेवायचा. गाणं कुठवर आलंय ते त्यांना हातातून कळायचं. ध्रुवपद आलं की मान डोलवायचे. एकदा आमच्या ड्रमरचा, सिद्रामचा, ठेका चुकला तर आप्पांनी हात उचलून त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा काठ्या खाली ठेवून कान पकडायला लागला.

ईश्वरी गायची. माझी धाकटी बहीण. तिच्या स्पीकरवर हात ठेवला तर तळव्याला नुसत्या मुंग्या आल्यासारखं होतं, गाणं काही कळत नाही, असं आप्पा म्हणायचे. म्हणून ते माझ्यापाशी बसत.

कान त्यांचे प्रेस शॉपनं खाल्ले. गाडीची दारं, बॉनेट, छपरं पत्र्यातून दाबून काढणाऱ्या त्या यंत्रांपुढं उभं राहण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कानात घालायला बोळे मिळायचे. पण बोळे घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही आणि हात यंत्रात जातो, म्हणून कोणी घालायचंच नाही. हात वाचले, कान गेले. तेव्हा ईश्वरी बोबडं बोलत होती. पुढं ती मोठी झाली, गायला लागली, कॉलेजं गाजवली, आमच्या 'खडखडाट' बँडचा गळा झाली, आणि बापानं तिचा एक सूर ऐकला नाही. ओठ वाचून ते आमचं बोलणं समजून घेत, पण ओठांवरून गाणं थोडंच वाचता येतं? "मरायच्या आधी एकदा ईशीला ऐकायचंय," असं म्हणायचे. रडकं तोंड करून नाही हं, यंदा आमरस खायचाय म्हणावं तसं.

आता मी काय करत होतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला माझा राग यायला सुरुवात होईल. मी सारथ मोटर्समध्ये ध्वनी विभागात होतो. गाडीच्या आत बाहेरचा आवाज येऊ द्यायचा नाही, हे आमचं काम. बापाचे कान गोंगाटानं गेले म्हणून पोरगा शांततेच्या धंद्यात शिरला, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं आणि मुलाखत घेणाऱ्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरंही होतं. पण रविवारी मी त्याच धंद्याच्या नावानं शिमगा करणाऱ्या बँडमध्ये बास वाजवायचो. "दोन्ही डगरींवर हात ठेवतोस भाड्या, एक दिवस मधल्या मध्ये बुडशील," असं सिद्राम म्हणायचा. मी हसायचो.

आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं 'काच खाली घे'. चाकणपट्ट्यातले कारखाने एकेक करत अंधारी व्हायला लागले, तेव्हा ईश्वरीनं ते लिहिलं. अंधारी म्हणजे खरोखरच अंधारी. आत सगळे यंत्रमानव, त्यांना दिवे लागत नाहीत, म्हणून दिवे काढून टाकले. माणसं त्याच्याही आधी काढली होती. गाड्या मात्र दुप्पट झाल्या. रस्ते रुंद झाले, फुटपाथ गेले, आणि बिनआवाजाच्या, आपल्या आपण चालणाऱ्या गाड्यांच्या रांगा चौकाचौकात उभ्या राहायला लागल्या. सिग्नल लागला की आम्ही टेम्पोच्या हौद्यात उभं राहून सुरू करायचो.

काच खाली घे रे राजा, काच खाली घे,
तुझी गाडी ज्यानं घडवली, त्याचं नाव तरी घे!
पत्रा दाबून दाबून माझ्या बापाचे गेले कान,
आणि तुझी गाडी चालते कशी, हलत नाही पान!

सुरुवातीला लोक खरंच काचा खाली घ्यायचे. कोणी हसायचं, कोणी शिव्या घालायचं, एका म्हाताऱ्यानं तर गाडीतून उतरून आप्पांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. आप्पा घाबरून टेम्पोमागे लपले. ईश्वरीला दुसरं काही नकोच होतं. "शिव्या देऊ देत रे दादा," म्हणायची, "काच खाली आली ना? मग झालं तर."

आणि मग आमच्या विभागानं 'निवांत' काढलं.

आवाज म्हणजे हवेतल्या लाटा, हे शाळेत शिकलोय आपण. एका लाटेच्या उंचवट्यावर दुसऱ्या लाटेचा खळगा नेमका बसवला की दोन्ही सपाट होतात, आणि उरते शांतता. इंजिनाची घरघर, टायरचा घुमारा असा पुसणं सोपं, कारण तो स्वतःला गिरवत बसतो. पुढची लाट कशी येणार ते आधीच ठाऊक असतं. माणसाचा आवाज तसा नसतो. माणूस पुढच्या क्षणी काय बोलेल हे त्याचं त्यालाच माहीत नसतं, मग यंत्राला कुठून कळणार? उलटी लाट तयार होईपर्यंत शब्द कानात पोचलेला असतो. पण एखादा गळा यंत्राला पुरता पाठ असेल तर? कुजबुजताना, किंचाळताना, सर्दी झालेली असताना, तोंडात घास असताना तो कसा लागतो हे सगळं शिकवलेलं असेल, तर यंत्र पुढच्या निमिषाचा अंदाज बांधू शकतं. मग तो माणूस समोर उभा राहून बोंबलला तरी आत काही येत नाही. कुरकुरणारी सासू, भुंकणारा शेजारी, ज्याचा आवाज नको त्याचा पुसून टाका, अशी कल्पना होती.

हे सिद्ध करायला आम्हाला एक गळा हवा होता. बाजारात मिळणारी रेकॉर्डिंग्ज सगळी घासूनपुसून चकचकीत केलेली, आमच्या उपयोगाची नव्हती. कच्चा माल हवा होता, वर्षानुवर्षांचा, एकाच माणसाचा, वेगळ्या माईकवरचा.

तो माझ्याकडे होता.

'खडखडाट'ची एक रीत होती. सिद्रामनं घातलेली. फार पूर्वी चहाच्या सुट्टीत ईश्वरीनं सहज गुणगुणलेली एक फक्कड चाल हवेत विरली, पुन्हा कोणालाच आठवली नाही. तेव्हापासून शेडचं कुलूप उघडलं की रेकॉर्डिंग चालू करायचं आणि निघेपर्यंत थांबवायचं नाही. प्रत्येकाचा माईक वेगळा. त्यामुळे ईश्वरीची गाणी होतीच, पण तिची भांडणं, वडापाव खाता खाता मारलेल्या गप्पा, आई गेली त्या महिन्यातलं रडणं, सगळं माझ्याकडच्या डिस्कवर पडून होतं. सांभाळायचं काम माझं. भाऊ ना मी.

मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं डिस्क माझ्या टाळक्यात घातली असती. मी स्वतःला म्हणालो, चाचणीपुरता तर वापरायचाय, नंतर बदलू.

चाचणीच्या दिवशी मी बंद गाडीत बसलो. बाहेरच्या स्पीकरवर ईश्वरीचा आवाज लावला. मेहेंदळे मॅडमनी, आमच्या विभागप्रमुखांनी, बटण दाबलं आणि माझी बहीण नाहीशी झाली. श्वाससुद्धा राहिला नाही. आणि मी काय केलं माहितीये? टाळ्या वाजवल्या. आनंदानं अंगावर काटा आला होता माझ्या.

ते 'नंतर' कधी आलं नाही. गाडी बाजारात आणायची घाई झाली. कारखान्यात प्रत्येक चिप बनली की ती चालते का हे बघायला एक ठरलेला आवाज पुसून बघतात. तो आवाज चिपच्या कायमच्या भागात कोरलेला असतो, तो मालकालाही काढता येत नाही. तिथं आमचा चाचणीचाच गळा गेला, म्हणजे तो प्रत्येक गाडीत कायमचाच पुसला जाणार. मला हे माहीत होतं का? कागदावर सही माझीच होती. पण खरं सांगतो, त्या गडबडीत माझ्या ते डोक्यातच आलं नाही. डोक्यात आलं ते चाकणच्या चौकात.

कंपनीनं मला नवी गाडी वापरायला दिली होती. एका संध्याकाळी काम लांबलं, म्हणून बँड माझ्याविना वाजवत होता. सिग्नलला माझी गाडी थांबली, टेम्पोच्या अगदी बाजूला. ईश्वरी माईक धरून गात होती. मानेच्या शिरा ताणलेल्या, केस तोंडावर आलेले. आणि आत काहीच नाही; ठेका बाकीच्या गोंगाटाबरोबर पुसला जायचाच, पण तिचाही सूर नाही. मी काच खाली घेतली.

"...त्याचं नाव तरी घे!" आवाज धाडकन अंगावर आला.

मी काच वर केली. गेला. पुन्हा खाली घेतली. आला. आजूबाजूला बघितलं तर सगळ्या नव्याकोऱ्या गाड्या, सगळ्या काचा वर, आणि आतली माणसं एका बाईला नुसतं तोंड हलवताना बघून कंटाळून मोबाईलकडे वळलेली. हिरवा दिवा लागला. ईश्वरीनं मला बघून हात केला. मी काच वर घेतली आणि गाडी मला घरी घेऊन गेली.

त्यानंतर जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते. म्हणजे काहीच केलं नाही, त्याची.

"दादा, आपलं गाणं मेलं," ईश्वरी एके दिवशी पोहे परतता परतता म्हणाली. "पूर्वी निदान शिव्या द्यायचे. आता बघतपण नाहीत. माझ्या आवाजातच आता दम राहिला नाही का रे?"

"तसं काही नाही."

"मग काय कमी पडतंय? तू आवाजातला ना, सांग की."

मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, "थोडं मोठ्यानं गाऊन बघ."

अरे, जीभ का नाही झडली माझी! ती बिचारी मोठ्यानं गायला लागली. दर चौकात आधीपेक्षा मोठ्यानं. महिन्याभरात गळा बसला. ज्येष्ठमध, मध, गरम पाण्याच्या गुळण्या, काय काय चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात गाठी धरल्यात, असंच ओरडत राहिलात तर आवाज कायमचा जाईल. ती म्हणाली, "असून तरी कोण ऐकतंय?" मी तिला औषधं आणून द्यायचो, वेळच्या वेळी, मोठ्या भावाच्या मायेनं. सिद्राम म्हणायचा, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

शेवटी एकदा धीर करून मॅडमकडे गेलो.

"मॅडम, चिपमध्ये तो चाचणीचा आवाज तसाच राहिलाय. काढायला हवा."

"कुणाचा आहे तो?"

सांगायचं होतं ते इथं. "आहे एका बाईचा," मी म्हणालो.

"काढायचा म्हणजे सगळ्या गाड्या परत बोलवायच्या. कंपनी बसेल, यशोधन. तुम्ही, मी, सगळे घरी." त्या हसल्या. वाईट नव्हत्या त्या, हेच तर आहे. "आणि एका बाईचा आवाज गाडीत ऐकू येत नाही, एवढंच ना? माझा तर घरीही कोणाला ऐकू येत नाही!"

मी हसलो. हो, हसलो मी.

"बरं, तुमच्या वडिलांचं काय ते सांगा," त्या म्हणाल्या. "आपल्याच समूहाच्या वैद्यकीय कंपनीनं कानात बसवायचं नवं यंत्र काढलंय. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मोफत. आपलीच चिप आहे त्यात. आतापर्यंत असल्या यंत्रांत पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं यायचं. यात गोंगाट गाळून स्वच्छ माणसाचा आवाज येतो. नाव देऊ का त्यांचं?"

आपलीच चिप. ते शब्द मी ऐकले, बरं का. पण मी स्वतःला समजावलं, गाडीचं वेगळं, कानाचं वेगळं. तिथं उलटी लाट सोडायची नसते, नुसता आवाज गाळायचा असतो. शिवाय डॉक्टर लोक सगळं तपासून घेतात. मनाला हवं ते पटवायला फार शहाणपण लागत नाही. "द्या," मी म्हणालो.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. जखम भरल्यावर यंत्र सुरू करायचं होतं. आप्पांनी फर्मान काढलं: "ईशीनं दवाखान्यात यायचं नाही. घरी बोलायचंही नाही माझ्याशी त्या दिवशी. आधी शेडमध्ये गाणं, मग गप्पा. मला तिचा पहिला आवाज गाण्यातला हवाय." ईश्वरी आठवडाभर गळा राखून होती. खुणांनी बोलायची, अन् आप्पा तिला चिडवायचे, "आता कळलं बहिऱ्याच्या घरी कसं राहतात ते?"

दवाखान्यातल्या बाईंनी कानामागे बारकी चकती चिकटवली. आत कवटीला लोहचुंबक होतं, त्यावर ती बसायची. बटण दाबलं आणि मला म्हणाल्या, "पाठीमागून हाक मारा. ओठ वाचायची सवय मोडायला हवी."

"आप्पा," मी म्हणालो.

आप्पा गर्रकन वळले. माझ्याकडे बघत राहिले. "आयला यशा," ते म्हणाले, "तू माझ्या बापासारखा बोलतोस की रे!"

भोसरीपर्यंतच्या वाटेवर त्यांचं तोंड बंद नव्हतं. कावळा ऐकला, रिक्षाचा भोंगा ऐकला, स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकून दोनदा मागे वळून बघितलं. मी आनंदात होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला होता. वाटलं, मी जे केलं ते केलं, पण बापाला कान दिले. कुठंतरी फिटलं.

शेडमध्ये ईश्वरी माईकमागे उभी होती. नवी निळी कुर्ती घातली होती. ती काही बोलली नाही, नुसती हसली. आप्पांनी खुर्ची ओढली, माझ्या स्पीकरला खेटून बसले, मग आठवण होऊन स्वतःशीच हसले आणि खुर्ची मधोमध नेऊन ठेवली. हात मांडीवर. डोळे मिटले.

"होऊ द्या," म्हणाले.

सिद्रामनं काठ्यांवर ताल दिला. मी बास धरला. ईश्वरीनं 'काच खाली घे' सुरू केलं, आणि खोटं नाही सांगत, गाठी असलेल्या त्या गळ्यातून इतकं सुंदर मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. पहिलं कडवं संपलं. आप्पा डोळे मिटून तसेच बसले होते, चेहऱ्यावर हसू, मान किंचित पुढे. बापाचे गेले कान, ती ओळ आली. गेली. मग आप्पा डोळे न उघडताच म्हणाले, "अगं, सुरू कर की आता! किती वेळ नुसतं वाजवताय?"

सिद्रामच्या काठ्या थांबल्या. माझी बोटं थांबली. ईश्वरी एकटी अर्धी ओळ पुढं गेली.

आप्पांनी डोळे उघडले. ती तोंड उघडं ठेवून उभी होती. त्यांनी कानामागची चकती चाचपली. "ईशे, माईक बंद आहे का गं?"

"काका, माईक चालू आहे," सिद्राम म्हणाला.

"तुझं येतंय की ऐकू," आप्पा म्हणाले.

ईश्वरी माईक सोडून त्यांच्या पाठीमागे गेली. "आप्पा," तिनं हाक मारली. मग मोठ्यानं. मग गळा फाटेल इतक्या मोठ्यानं, शेडच्या पत्र्यानं आवाज परत फेकला. आप्पा समोर बघत, वाट बघत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता, तोंड हलताना दिसतं पण पोचत काही नाही असा. ईश्वरीनं तो चेहरा ओळखला. चौकाचौकात हजारो वेळा पाहिला होता तिनं.

तिनं हळूच माझ्याकडे बघितलं. "दादा, तुमच्या गाडीतपण असंच होतं?"

मग मी बोललो. डिस्क, चाचणी, टाळ्या, चौकातली काच, थोडं मोठ्यानं गा म्हणालो ते, मॅडमसमोर हसलो ते. सगळं. थांबताच येईना. आणि बोलता बोलता लक्षात आलं की आप्पा ऐकतायत. स्वच्छ, गोंगाट गाळून, शब्द न् शब्द. वीस-बावीस वर्षांनी त्यांना कान आले होते आणि त्या कानांत पहिल्याच दिवशी हे ओतलं जात होतं.

ईश्वरी आमच्याकडे पाठ करून भिंतीशी गेली होती. कपाळ पत्र्याला टेकवून ती बोलत होती, रडत होती, ओरडत होती. आप्पांना फक्त तिचे हलणारे खांदे दिसत होते.

"काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळले. "यशा, काय म्हणतेय ती?"

ईश्वरी वळली. "सांग की! त्यांना आता तुझंच ऐकू येतं ना? मग तूच सांग!"

मी सांगितलं. "आप्पा, ती म्हणतेय, आईच्या वेळचं माझं रडणंसुद्धा ह्यानं विकलं." "ती म्हणतेय, मला वाटत होतं मी वाईट गाते. रोज वाटत होतं. आणि हा शेजारी बसून पोहे खात होता."

आप्पा खुर्चीवरून उठले, माझ्यासमोर आले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"उद्या कंपनीत जायचं," ते म्हणाले, "आणि हेच सांगायचं. नावासकट. आता बोललास तसंच, मोठ्यानं."

"नोकरी जाईल आप्पा. हे यंत्रसुद्धा काढून घेतील."

"त्यांनी कशाला काढायला हवं?" त्यांनी कानामागची चकती ओढून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "ती ऐकू यायला लागली की दे."

मग त्यांनी खुर्ची उचलली. माझ्या स्पीकरवरून पुढं गेले, ईश्वरीच्या स्पीकरला खेटून खुर्ची मांडली आणि त्याच्यावर दोन्ही तळवे ठेवले, जिथं नुसत्या मुंग्या यायच्या तिथं. तिच्याकडे बघून मान हलवली. तिनं डोळे पुसले, माईकपाशी आली, आणि बसलेल्या गळ्यानं पहिल्यापासून सुरू केलं. सिद्रामनं ठेका धरला. मीही धरला, कारण दुसरं काय करणार होतो? माझा स्पीकर माझ्या शेजारी घुमत होता. त्याच्यावर कोणाचाच हात नव्हता.